‘आज्ञा पाळीन’ हे शब्द वगळून

ईस्टर आटोपला की आमच्या मेजावर लग्नपत्रिकांची चळत वाढू लागते. यंदा त्या चळतीबरोबर एक तक्रारही आली. परिचयातील एका घरचा मुलगा आणि त्याची वाग्दत्त वधू यांनी लग्नाचा सारा बेत स्वतःच आखला होता. बँड नको, दोनशेहून अधिक पाने नकोत, उसन्या पैशांचा थाट नको. आमचे लग्न आमच्यासारखे दिसले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. वडील मंडळी रुसली. ‘लग्न काय या दोघांचेच असते?’ असे मुलाच्या वडिलांनी आम्हांस विचारले. प्रश्न अगदीच गैर नव्हता. आम्ही त्यांना सल्ला दिला नाही, एका जुन्या लग्नाची हकीकत तेवढी सांगितली. तीच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट ब्रुकफिल्ड नावाचे गाव आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घरी १३ ऑगस्ट १८१८ रोजी लूसी स्टोन हिचा जन्म झाला. आदल्या संध्याकाळी तिच्या आईने आठ गाईंच्या धारा काढल्या होत्या. वादळ येऊ घातले होते आणि पुरुषमाणसे गवत वाचविण्यासाठी रानात गेली होती. मुलगी झाली असे कळताच त्या माउलीला वाईट वाटले, कारण बाईचा जन्म किती कष्टाचा हे तिला ठाऊक होते. ही आठवण लूसीच्या कन्येने पुढे लिहून ठेवली आहे. लूसी सोळाव्या वर्षी शाळेत शिकवू लागली. पैसे साठवीत साठवीत पंचविसाव्या वर्षी ती ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात दाखल झाली आणि १८४७ साली पदवीधर झाली. पदवीदानाच्या वेळी तिचा निबंध एखाद्या पुरुषाने वाचून दाखवावा असा रिवाज होता. स्वतःला वाचू देणार नसाल तर लिहीतच नाही, असे तिने बजावले. पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी व्याख्याने देत ती गावोगाव हिंडली. त्या मिळकतीवर ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

अशा स्त्रीला हेन्री ब्लॅकवेल या सिनसिनाटीच्या व्यापाऱ्याने मागणी घातली. त्याचे लोखंडी सामानाचे दुकान होते. वयाने तो तिच्याहून जवळजवळ सात वर्षांनी लहान. त्याची बहीण एलिझाबेथ हिने १८४९ साली वैद्यकाची पदवी मिळविली होती. अमेरिकेत ती मिळविणारी ती पहिली स्त्री. म्हणजे शिकलेल्या आणि कमावत्या बाईचे त्याला भय नव्हते. तरीही लूसीने नकार दिला. तिला हेन्री नापसंत होता असे नव्हे. नापसंत होता तो कायदा. विवाह झाला की स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होते, असा इंग्लंडातून आलेला दंडक तेथे चालत असे. तिची कमाई नवऱ्याची, तिची मुले नवऱ्याच्या ताब्यात, आणि तिने केलेला करार निरर्थक.

हेन्रीने पिच्छा सोडला नाही, पण त्याची रीत पाहण्याजोगी आहे. तो पत्रांतून वाद घाली, लूसीच्या शंका गंभीरपणे घेई आणि त्यांवर तोडगे सुचवी. १८५४ साली ओहायोतील सेलम स्थानकावर मालकाबरोबर चाललेल्या एका आठ वर्षांच्या गुलाम मुलीला आगगाडीतून उतरवून घेण्यात तो पुढे होता. त्याबद्दल दक्षिणेत त्याच्या नावावर इनाम लागले आणि त्याच्या धंद्याला फटका बसला. लूसीचे मन वळले ते त्यानंतर.

मग बेत सुरू झाला. आपल्याकडे बेत म्हटले की मांडव, जेवण, कपडे हे डोळ्यांपुढे येते. या दोघांनी आधी ठरविले ते निराळेच. लूसीचे पैसे तिच्याच ताब्यात राहावेत अशी तजवीज झाली. घरखर्चाचा निम्मा वाटा आपण उचलू, असे तिने सांगितले. हेन्रीने खूप विनवले, पण ती हटली नाही. आई केव्हा व्हायचे हे तिनेच ठरवावे, असे हेन्रीने मान्य केले. आमच्या आजीच्या पिढीत हा विषय नवरा-बायकोत तरी उघडपणे निघाला असेल काय, याची आम्हांस शंका आहे.

१ मे १८५५. आगगाडी गाठायची असल्याने विवाहविधी भल्या सकाळी, वधूच्या माहेरच्या घरातच उरकला. पाहुणे मोजके होते. वधूच्या अंगावर राखी-गुलाबी छटेचा रेशमी पोशाख होता. धर्मोपदेशक होते वूस्टरचे टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन, लूसीचे स्नेही आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. शपथेत वधूने म्हणावयाचे ‘आज्ञा पाळीन’ हे शब्द वगळण्यात आले. १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकापासून ते शब्द इंग्रजी बोलणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या अंगवळणी पडलेले होते. (आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार विवाह-संस्कार वधुवरच एकमेकांना देतात, धर्मगुरू त्यांची संमती ख्रिस्तसभेच्या वतीने स्वीकारतात. हे प्रत्येक वधुवराला शिकविले जाते. ते ध्यानात किती जण घेतात हा भाग वेगळा.)

त्या विधीत दोघांनी सही केलेले एक निषेधपत्र वाचले गेले. आम्ही एकमेकांवरील प्रेम जाहीर करीत विवाहबद्ध होत आहोत. पण पतीला अन्याय्य आणि अनैसर्गिक श्रेष्ठत्व देणाऱ्या कायद्यांना आमची ही कृती म्हणजे संमती नव्हे, असा त्याचा आशय. पत्नीच्या देहावरील ताबा, मुलांवरील एकट्याचा हक्क, तिची मालमत्ता, तिच्या श्रमाचे फळ, विधवेपेक्षा विधुराला मिळणारा मोठा वाटा, आणि लग्नानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्वच स्थगित करणारी सारी व्यवस्था, असे एकेक कलम घेऊन त्याचा धिक्कार केला होता. विवाह ही समान आणि कायमची भागीदारी असावी, असे त्यात म्हटले होते. कायम हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. विवाहबंधन सैल करण्यासाठी हे लोक निघाले नव्हते.

हिगिन्सन यांनी ते पत्र वूस्टरच्या वर्तमानपत्राकडे धाडले. तेथून ते इतर पत्रांत गेले, आणि टिंगल करणाऱ्यांना काही दिवस विषय पुरला. वर्षभरानंतर लूसीने नवऱ्याचे आडनाव सोडून आपले पूर्वीचे नावच कायम केले. मताचा हक्क नाही तर करही नाही, असे म्हणून तिने १८५८ साली न्यू जर्सीत घराचा कर नाकारला, तेव्हा घरातील सामान लिलावात निघाले. १८७९ साली मॅसॅच्युसेट्सने शाळा-समितीपुरते मत स्त्रियांना दिले. पतीचे आडनाव लावीत नाही म्हणून लूसीला तेही मिळाले नाही. संसारही सगळा सुखाचा नव्हता. हेन्रीचे व्यवहार वारंवार बुडाले, आणि मुलगी लहान असताना लूसीने व्याख्याने बरीच कमी केली. समान भागीदारीतही पाळणा कोणाच्या हाती आला हे उघड आहे. पण १८७० साली सुरू झालेले स्त्रियांच्या हक्कांचे साप्ताहिक दोघांनी मिळून चालविले. लूसीचे १८९३ साली निधन झाले. सबंध देशातील स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० ची.

येथे आपल्या पुण्याचा धागा जुळतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. ती त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली होती. नाव कोणाचे घेतले नव्हते. पण लूसी, हेन्री आणि यादवी युद्धात कृष्णवर्णीयांच्या पलटणीचे नेतृत्व केलेले हिगिन्सन ही त्याच चळवळीतील माणसे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, त्या पद्धतीचा पहिला विवाह पुण्यात लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट. वधू राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची कन्या. भटजी नव्हते, मानपान नव्हता, खर्च काय तो पानसुपारीचा. दुसरा विवाह ७ मे १८७४ चा, ग्यानोबा ससाणे यांचा. विरोध इतका झाला की तो जोतीरावांच्या घरीच लावावा लागला.

या विवाहांसाठी जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू मुकी बसत नाही. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तो हक्क मला देशील अशी शपथ घे, असे ती वराला सांगते आणि तो सर्वांसमक्ष शब्द देतो. लूसीने जे निषेधाच्या भाषेत मांडले तेच येथे मागणीच्या भाषेत आले आहे. दोन्ही लग्नांत कोणाला तरी उत्तर द्यावे लागले ते नवऱ्यालाच.

कायद्याची गाडी आपल्याकडेही हलत होती. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने पत्नीची कमाई तिची स्वतःची ठरविली. हिंदू, मुसलमान, शीख, जैन, बौद्ध स्त्रियांना तो त्या वेळी लागू नव्हता. ख्रिस्ती स्त्रियांना होता. म्हणजे आपल्या पणज्यांनी मासळी वा भाजी विकून गाठीला बांधलेला पैसा कायद्याने त्यांचाच होता. तो त्यांच्या हाती किती राहिला, हे घरोघरच्या म्हाताऱ्यांनीच सांगावे.

आमच्याकडे आलेल्या त्या वडिलांना ही सारी हकीकत ऐकून घेण्याइतका धीर होता. त्यांनी एकच विचारले, ‘पण मग घरच्यांचे काय?’ तेव्हा आम्ही त्यांना फुल्यांच्या स्वतःच्या घरातील लग्न सांगितले. दत्तक पुत्र यशवंत याच्यासाठी ग्यानोबा ससाणे यांचीच कन्या राधा पसंत केली होती. दोघांना एकमेकांचे स्वभाव कळावेत आणि तिचे शिक्षणही व्हावे, म्हणून सावित्रीबाईंनी तिला लग्नाआधीच आपल्या घरी आणून ठेवले. लग्न ४ फेब्रुवारी १८८९ रोजी लागले. सून त्या घरात तोवर रुळली होती.