शेवटून पहिली: पुणेरी पलटणची पहिली दोन वर्षं

दिव्याहून लोकल पकडून ऐकत असाल, तर निदान फोर्थ सीट मिळाली असेल अशी आशा करतो. आजची गोष्ट एका हरणाऱ्या टीमची.

२६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीतला खेळ मॅटवर आला, टीव्हीवर आला. आठ टीम होत्या आणि त्यात महाराष्ट्राच्या दोन: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. आमच्या दिव्यात जो तो मुंबाचा. मी मात्र पलटणचा, कारण आमचं गाव पुणे जिल्ह्यात.

पहिल्याच वर्षी मुंबा फायनलला गेली आणि जयपूरकडून ३५-२४ ने हरली. पलटण? आठात आठवी. २०१५ ला मुंबा चॅम्पियन, पलटण पुन्हा आठवी. तेव्हा मीही गुपचूप मुंबाचा झालो.

कबड्डीत हरणारी टीम आणखी हरत का जाते, माहितीये? बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो. आपल्या टीमने समोरचा गडी बाद केला तरच तो परत जिवंत होतो. म्हणजे माणसं कमी, म्हणून पॉइंट कमी, म्हणून माणसं आणखी कमी. शेवटी सातही जण बाद होतात आणि लोण चढतो. समोरच्यांना दोन पॉइंट जास्तीचे. पण लोण चढला की आपले सातही जण परत आत येतात!

लीगच्या टेबलातही अशीच एक सोय होती. जिंकलात तर पाच पॉइंट, बरोबरी झाली तर तीन आणि सात किंवा कमी फरकाने हरलात तरी एक. मॅच गेली असली तरी शेवटची रेड फुकट नसायची.

२०१६ च्या तिसऱ्या सीझनला मनजीत छिल्लर कॅप्टन झाला आणि तळाची पलटण थेट तिसरी आली. तरी कप लांबच होता. २०२२ ची फायनल ३३-२९ ने गेली, पुन्हा जयपूरच. शेवटी १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटण चॅम्पियन झाली. कॅप्टन होता नगर जिल्ह्यातला पोरगा, अस्लम इनामदार. दहावा सीझन होता तो.

त्या रात्री मी नाचलो. पण खरं सांगू? तो आनंद त्यांचा जास्त होता, जे २०१५ लाही पलटणचेच राहिले होते.

तुमची टीम आत्ता तळाला असेल, तर कमेंटमध्ये तिचं नाव लिहा. भेटू पुढच्या भागात!