हवाई सुंदरीची पस्तिशी आणि पर्सरची अठ्ठावन्न वर्षं

कामगारांच्या करारांच्या गोष्टी सांगताना आपण आतापर्यंत बहुतेक वेळ जमिनीवरच काढला. आज विमानात चढू. विषय आहे एअर इंडियाच्या केबिन क्रूचा, म्हणजे विमानात आपल्याला चहा देणाऱ्या, पट्टा बांधायला सांगणाऱ्या आणि वेळ आली तर आग लागलेल्या विमानातून दीड मिनिटात सगळ्यांना बाहेर काढायचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचा.

पगारवाढ म्हटलं की आपण महिन्याचा आकडा विचारतो. मूळ पगार किती वाढला, महागाई भत्ता किती, थकबाकी कधीपासून. मला मात्र या इतिहासात दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो: तो पगार किती वर्षं मिळणार? साधा हिशेब करा. एकविसाव्या वर्षी एक मुलगा आणि एक मुलगी एकाच विमानात नोकरीला लागले. मुलगा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे सदतीस वर्षं. मुलगी पस्तिसाव्या वर्षी, म्हणजे चौदा वर्षं. आता दोघांचा महिन्याचा पगार अगदी पैशापैशाने सारखा केला, तरी आयुष्याच्या कमाईत, ग्रॅच्युइटीत, भविष्य निर्वाह निधीत, बढतीत काय फरक पडेल ते सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही.

1953 साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि परदेशी मार्गांसाठी एक, देशातल्या मार्गांसाठी एक अशी दोन महामंडळं उभी राहिली. परदेशी मार्गांवरच्या एअर इंडियाचं मुख्यालय मुंबईत, त्यामुळे तिच्या युनियनच्या बैठका, वाटाघाटी आणि कोर्टकचेऱ्याही बऱ्याचशा मुंबईतच झाल्या. विमानात दोन प्रकारचे कर्मचारी असत. पुरुष म्हणजे असिस्टंट फ्लाइट पर्सर, पुढे फ्लाइट पर्सर, मग इनफ्लाइट सुपरवायझर. बाई म्हणजे एअर होस्टेस. आपण मराठीत तिला ‘हवाई सुंदरी’ म्हणू लागलो. या शब्दाकडे जरा बघा. शिक्षिका, परिचारिका, टंकलेखिका या शब्दांत काम आहे. या शब्दात काम कुठेच नाही. नोकरीची अट मात्र आहे!

आणि अटी खरोखरच तशा होत्या. एअर इंडियाच्या सेवानियमांतला 46 क्रमांकाचा नियम असा: हवाई सुंदरी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त होईल, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर लग्न होताच, किंवा पहिल्यांदा गरोदर राहताच. यातलं जे आधी घडेल ते. 47 क्रमांकाच्या नियमाने व्यवस्थापकीय संचालकाला अधिकार दिला होता की त्याच्या मर्जीने एकेक वर्ष वाढवत पंचेचाळीसपर्यंत मुदत द्यावी. म्हणजे पस्तिशीनंतर दर वर्षी एका साहेबाच्या सहीवर पोट अवलंबून.

आता कुणी विचारेल, युनियन काय करत होती? इथेच ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. मागण्या गेल्या होत्या. 1965 मध्ये खोसला न्यायाधिकरणापुढे हवाई सुंदरींच्या वयाचा प्रश्न आला. 1972 मध्ये महेश न्यायाधिकरणापुढे पुन्हा आला. दोन्ही वेळा पुरुषांच्या बरोबरीने निवृत्तीचं वय मिळालं नाही. पण त्याच काळात पगारश्रेणी, भत्ते, बढतीच्या पायऱ्या यांचे करार होत गेले. आणि प्रत्येक करारात पुरुषांची एक श्रेणी, बायकांची वेगळी श्रेणी, हे गृहीतच धरलेलं. कामगारांचा वकीलही तसंच मांडणार आणि व्यवस्थापनही. एकदा कागदावर दोन रकाने पडले की पुढचा प्रत्येक करार त्या रकान्यांतच लिहिला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महाग पडली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 28 ऑगस्ट 1981 चा निकाल ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा’ या नावाने कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. न्यायमूर्ती फझल अली यांनी तो लिहिला. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली, आणि फार कडक शब्दांत: हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे अशा अर्थाचं ते बोलले. संचालकाचा एकेक वर्ष वाढवण्याचा मनमानी अधिकारही काढून टाकला. इथवर बातमी चांगली, आणि वर्तमानपत्रांतून आपल्याला बहुधा एवढीच आठवते.

पण निकाल पूर्ण वाचला की दुसरी बाजू दिसते. चार वर्षं लग्न न करण्याची अट न्यायालयाने कायम ठेवली. कारणं काय दिली? एक, एकोणिसाव्या वर्षी लागलेली मुलगी तोवर तेवीस वर्षांची होईल, समजूतदार होईल, लग्न यशस्वी व्हायची शक्यता वाढेल. दोन, कुटुंब नियोजनाला मदत होईल. तीन, नव्या मुलींच्या भरतीचा आणि प्रशिक्षणाचा महामंडळाचा खर्च वाचेल. या तीन कारणांपैकी कामाशी संबंध फक्त तिसऱ्याचा, आणि तोही मालकाच्या खिशाचा. पहिली दोन कारणं एखाद्या काळजीवाहू मामांनी दिवाणखान्यात बसून द्यावीत अशी आहेत. पहिल्या गरोदरपणाऐवजी दोन मुलं असताना तिसऱ्यांदा गरोदर राहिल्यास नोकरी संपवणं मात्र न्यायालयाला वाजवी वाटलं.

आणि मूळ प्रश्नाचं काय? पुरुष अठ्ठावन्न, बाई पस्तीस ते पंचेचाळीस, हा भेदभाव नाही का? न्यायालय म्हणालं, नाही. का? कारण दोघांची भरती वेगळी, पात्रता वेगळी, पगारश्रेणी वेगळी, बढतीची शिडी वेगळी. दोन वेगळे वर्ग आहेत, मग तुलना कशी करणार? म्हणजे बघा, वर्षानुवर्षं करारांनी जे दोन रकाने पाडले होते, तेच आता भेदभाव नसल्याचा पुरावा झाले. समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये आला होता. पण सरकारने 1979 मध्ये अधिसूचना काढून टाकली होती की या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींतला फरक लिंगावर आधारित नाही. तीही न्यायालयाने आधाराला घेतली.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. बेल्जियमच्या सबेना कंपनीत गाब्रिएल दफ्रेन नावाच्या एअर होस्टेसची नोकरी 1968 मध्ये चाळिसाव्या वाढदिवशी संपवली गेली. 1976 मध्ये युरोपीय न्यायालयाने तिला समान पगाराचा हक्क दिला. मिळालेली रक्कम किरकोळ, पण तत्त्व मोठं. मात्र 1978 च्या पुढच्या निकालात तेच न्यायालय म्हणालं की समान पगाराच्या कलमात निवृत्तीचं वय येत नाही. पगार समान, वर्षं मात्र असमान. मला तर वाटतं, वर्षं ही पगारातच मोजली पाहिजेत.

आपल्याकडे ऑक्टोबर 1989 मध्ये सरकारने एअर इंडियाला निर्देश दिला: हवाई सुंदरींचंही निवृत्तीवय अठ्ठावन्न. जिंकलो, असं वाटावं. पण कंपनीने अर्थ लावला तो असा की पंचेचाळीसपर्यंत विमानात, नंतर जमिनीवरचं काम. 1993 मध्ये पंचेचाळीसचं पन्नास झालं. विमानातून खाली उतरवलं म्हणजे काय होतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. केबिन क्रूच्या कमाईत मूळ पगार हा एक तुकडा. उड्डाणाच्या तासांचे भत्ते आणि परदेशातल्या मुक्कामाचे भत्ते हा दुसरा, आणि पुष्कळदा मोठा. ऑफिसात टेबलाशी बसलं की तो दुसरा तुकडा गेला. पुरुष सहकारी मात्र अठ्ठावन्नपर्यंत उडतच होते.

मग 5 जून 1997 चा करार. नव्याने भरती होणाऱ्या स्त्री-पुरुषांचा वर्ग एक झाला, कामं अदलाबदल करता येतील असं ठरलं. आधीपासून असलेले पुरुष मात्र आपल्या जुन्या शिडीवर राहिले. याविरुद्ध बढती मिळून अधिकारी झालेल्या हवाई सुंदरी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि 2001 मध्ये जिंकल्या. सर्वोच्च न्यायालयात अपील कुणी केलं? त्यात केबिन क्रू असोसिएशनही होती, जिच्यात हवाई सुंदरीही सभासद होत्या! त्यांचं म्हणणं, अनेक कामगार बायकांनाच लवकर जमिनीवर यायचं आहे, ही सवलत आम्ही वाटाघाटीत मागून घेतली आहे. जुलै 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनियनची बाजू उचलून धरली: करारातून आलेला फरक हा लिंगभेद नव्हे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धर्माधिकारी. पुढे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्यावर दोन्हीकडच्या पगारांचा मेळ घालायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच.

मी त्या असोसिएशनला खलनायक ठरवणार नाही. रात्री-अपरात्रीची उड्डाणं, पाठदुखी, घरी लहान मुलं. पंचेचाळिशीनंतर खाली यावंसं वाटणं खोटं नव्हतं. पण हवं तिने खाली यावं आणि सगळ्यांनी यावंच, यात फरक आहे. पुरुषांना हा पर्याय कुणी सक्तीचा केला नव्हता.

निकालाने जे दिलं नाही ते 2003 संपता संपता सरकारी आदेशाने दिलं: बायकाही अठ्ठावन्नपर्यंत उडू शकतील. त्यानंतर 27 डिसेंबर 2005 च्या आदेशाने विमानातल्या सुपरवायझरचं काम बायकांनाही खुलं झालं. तेव्हा काही पुरुष कर्मचारी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, करारानुसार हे काम आमचं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2011 मध्ये ते फेटाळलं. जुन्या कराराचा रकाना या वेळी चालला नाही.

पुढच्या भागात वैमानिकांकडे वळू: 2012 चा तो अठ्ठावन्न दिवस चाललेला संप, आणि त्यामागचं विलीनीकरण.