वेळेच्या खूप आधी जन्मलेले मूल मोठे होताना: कोणत्या वयात काय तपासावे?

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म म्हणजे अपुऱ्या दिवसांचा जन्म. ३२ आठवड्यांच्याही आधी जन्मलेले बाळ खूप लवकर जन्मलेले मानले जाते. काचेच्या पेटीत कित्येक दिवस काढून असे बाळ घरी येते, तेव्हा आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न असतो: हे इतर मुलांसारखे होईल ना?

यातली बहुतेक मुले चालतात, बोलतात, शाळेत जातात. मात्र काही अडचणी घरी येताना दिसत नाहीत. त्या काही आठवड्यांनी, वर्षांनी, कधी शाळेत गेल्यावर पुढे येतात. म्हणून बाळाचे वजन वाढू लागले, तरी तपासण्या थांबवू नका.

बाळाचे वय कसे मोजावे?

पहिली दोन वर्षे वाढ आणि विकास पाहताना ‘सुधारित वय’ धरावे. जितके आठवडे बाळ लवकर आले, तितके त्याच्या वयातून वजा करायचे. समजा, बाळ ३० व्या आठवड्यात जन्मले, म्हणजे १० आठवडे आधी. आज ते ६ महिन्यांचे असेल, तर त्याचे सुधारित वय साधारण पावणेचार महिने होते. शेजारचे सहा महिन्यांचे बाळ बसू लागले आणि आपले अजून बसत नाही, म्हणून लगेच घाबरू नका.

लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच करायचे असते. बाळ लहानखुरे आहे म्हणून लस पुढे ढकलू नका. लोहाचा साठा बाळाला गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत मिळतो. तो अपुरा राहिल्यामुळे डॉक्टर लोहाचे थेंब देतात. सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते चालू ठेवा.

डोळे: सव्वा महिना थांबू नका

आपल्याकडे सव्वा महिना होईपर्यंत बाळाला घराबाहेर नेत नाहीत. लवकर जन्मलेल्या बाळासाठी हे थांबणे धोक्याचे ठरू शकते.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ गर्भाच्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत चालू असते. बाळ आधीच जन्मले, तर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. या आजाराला आरओपी म्हणतात. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही.

जन्मवजन २ किलोपेक्षा कमी असेल किंवा जन्म ३४ आठवड्यांआधी झाला असेल, तर पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करतात. एकदा तपासून भागत नाही. रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर पुन्हा बोलावतात. वेळेत सापडले, तर लेसर किंवा इंजेक्शनने बहुतेक बाळांची दृष्टी वाचवता येते. पुढेही चष्मा आणि तिरळेपणा यांसाठी डोळे वेळोवेळी दाखवा.

ऐकण्याची तपासणीही हवी. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळासाठी बेरा ही चाचणी करतात. दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. ऐकू आले नाही, तर बोलणेही मागे पडते.

पहिली दोन वर्षे: हे दिसल्यास दाखवा

खालील सर्व वये सुधारित वयाप्रमाणे आहेत.

- ३ महिन्यांपर्यंत बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नाही
- ४ महिन्यांनंतरही मान धरत नाही
- ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही
- पाय ताठ राहतात, कात्रीसारखे एकमेकांवर येतात
- वर्षाच्या आतच फक्त एकच हात वापरते
- दीड वर्षापर्यंत चालत नाही
- दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही

‘त्याचा बापही उशिराच बोलायला लागला होता’ हे ऐकून थांबू नका. व्यायामोपचार आणि वाचा-उपचार जितके लवकर सुरू होतील, तितका फायदा जास्त. तपासणीत काही निघाले नाही, तर उत्तमच.

शाळेत गेल्यावर

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या, २ किलोपेक्षा कमी जन्मवजनाच्या बाळांचा १८ व्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्यात अपुऱ्या दिवसांची अनेक मुले होती. बाराव्या वर्षी या गटाचा सरासरी बुद्ध्यांक तुलनेसाठी घेतलेल्या मुलांपेक्षा कमी, पण सामान्य मर्यादेत होता. लेखन आणि गणितात मात्र अनेकांना अडचण येत होती.

घरी हे असे दिसते: तोंडी उत्तर येते, पण लिहिताना मागे पडते, फळ्यावरचे उतरवून होत नाही, बेरजा चुकतात, एका जागी बसत नाही. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून मारले किंवा रागावले जाते. त्याऐवजी शिक्षकांना त्याच्या जन्माविषयी सांगा आणि बालविकास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

जन्मतारीख शाळाप्रवेशाच्या सीमेवर असेल, तर एक वर्ष थांबावे का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा.

तरुणपणी

लवकर जन्मलेल्यांमध्ये मोठेपणी रक्तदाब वाढण्याची शक्यता थोडी जास्त असते. काहींची फुप्फुसे कमी क्षमतेची राहतात. म्हणून दरवर्षी रक्तदाब मोजा, वजन आटोक्यात ठेवा. तंबाखू-सिगारेट आणि चुलीचा धूर टाळा. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी तिचा स्वतःचा जन्म लवकर झाला होता, हे डॉक्टरांना सांगा.

फाइल कुठे आहे?

पहिले बाळंतपण माहेरी होते, मग बाळ सासरी येते आणि फाइल माहेरच्या कपाटात राहते. विटा-आटपाडीकडची अनेक कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात जातात, काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. गाव बदलले, की तपासणीची तारीखही चुकते. डिस्चार्ज कार्डावर जन्माचे आठवडे, वजन, ऑक्सिजन किती दिवस लागला, डोळ्यांची तपासणी आणि मेंदूची सोनोग्राफी यांची नोंद असते. त्याचा फोटो आई आणि वडील दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. कुठेही गेलात, तरी नव्या डॉक्टरांना तो दाखवा.

मदत कुठे मिळेल?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढील उपचार मोफत होतात. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला हजर ठेवा आणि जन्माची माहिती सांगा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या सेवेविषयी चौकशी करा. आशाताईही योग्य ठिकाणी पाठवू शकतात.

बाळ दूध पीत नसेल, निळे पडत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा झटका आला, तर तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्या.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या बाळासाठी तपासणीच्या नेमक्या तारखा तुमचे बालरोगतज्ज्ञच ठरवतील.