नाव एक, वह्या अनेक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या चोपड्यांची पूजा करतात. वहीत लक्ष्मी नांदते, ही त्यांची श्रद्धा. पण वहीत माणूसही नांदतो. आणि एखाद्या वहीतून त्याचे नाव गळले, तर त्याच्या घरची चूल थंड पडते. याची साक्ष हवी असेल, तर परळ-लालबागच्या गिरणगावाकडे वळले पाहिजे.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरण्यांची धुराडी वाढत गेली आणि रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे मुंबईची वाट धरू लागली. त्या काळी कामगाराची खरी नोंदवही म्हणजे जॉबरचे डोके! कोण कुठल्या गावचा, कोणाचा भाचा, कोणावर किती कर्ज, सारे तिथे लिहिलेले. नवख्या माणसाची एकाच दारात बरीचशी सोय होई. काम तिथे, उसनवारी तिथे, कधी खोलीची खटपटही तिथेच. सोय खरी, पण त्या एकाच माणसाची मर्जी फिरली की सारी दारे एकदम बंद!

हे वर्चस्व कमी करण्यासाठी गिरणीमालकांच्या संघाने १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. रिकामी जागा आधी कार्डवाल्याला, असा नियम झाला. १९५० साली सरकारनेही अशा कामगारांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची योजना आणली. मौखिक वहीची कागदी वही होऊ लागली, ती अशी.

मग वह्याच वह्या झाल्या. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, तर १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा. एकाच माणसाला गिरणीचा तिकीट नंबर वेगळा, विम्याचा वेगळा, निधीचा वेगळा. एका वहीत तो ‘पांडुरंग’, दुसरीत ‘पांडू’. वय तर कारकुनाच्या अंदाजावर! चाळ बदलली, तर नवा पत्ता कळवायला कचेऱ्यांच्या फेऱ्या. एकाने दुरुस्ती केली, म्हणून दुसऱ्याला ती कळेलच असे नाही.

वाचकहो, आज संगणकावर पोर्टले उभारणाऱ्यांपुढे हाच पेच असतो. माणसाची माहिती एका जागी ठेवून सर्व विभागांनी ती वापरावी, की प्रत्येक विभागाने आपापली वही राखावी? भविष्य निर्वाह निधीने २०१४ साली एक उत्तर दिले. तोवर नोकरी बदलली की नवा खाते क्रमांक मिळे. आता जन्मभर एकच सार्वत्रिक क्रमांक, आणि निरनिराळ्या नोकऱ्यांची खाती त्याला जोडलेली. नोकरदारांचा मोठाच त्रास वाचला.

तर मग सगळेच एका वहीत घालावे काय? इथे गिरणगावाचा इतिहास आपल्याला थांबवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरले, तेव्हा अर्ज आले सुमारे दीड लाख. आणि २०१२ साली पहिली सोडत निघाली. पण आपण कामगार होतो, हे सिद्ध कसे करायचे? गिरणी उरली नाही, मस्टर उरले नाही! अशा वेळी उपयोगी पडल्या त्या विखुरलेल्या वह्याच. हजेरीचे कार्ड, विम्याचा क्रमांक, निधीची पावती, असे निरनिराळे कागद पुरावा म्हणून ग्राह्य धरले गेले. एक वही बुडाली, तरी दुसरीने माणसाला तारले. सारे काही गिरणीच्याच दप्तरात असते, तर दप्तराबरोबर माणूसही पुसला गेला असता. आजही कित्येक कामगार आणि त्यांचे वारस घराची वाट पाहत आहेत.

आणखी एक गोष्ट. रेशन दुकानदाराला घरात खाणारी तोंडे किती, एवढे कळले की पुरे. आपले दुखणे त्याला कशाला कळावे? ‘आधार’चे पहिले क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. पुढे बँक खाते आणि मोबाइल त्याला जोडण्याची सक्ती आली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरवली. एक क्रमांक असावा, पण तो सगळ्याच कुलपांची किल्ली होऊ नये, असा त्यातून आपण बोध घ्यावा.

तेव्हा नाव, पत्ता, वय यांसारख्या समाईक गोष्टी एका जागी असाव्यात. एकदा दुरुस्त केल्या की सर्वत्र दुरुस्त व्हाव्यात. मात्र ज्याचे त्याचे खाजगी ज्या त्या वहीतच राहावे. आणि वही कोणाचीही असो, आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे पाहण्याचा व चुकले असल्यास सुधारून घेण्याचा हक्क त्या माणसाला असावा. जॉबरच्या डोक्यातली वही कामगाराला कधीच वाचता आली नाही. तिचा खरा जुलूम तोच होता.

दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या ट्रंकेतून एखादे पिवळे पडलेले कार्ड निघाले, तर ते रद्दीत घालू नका. कदाचित त्यांचे नाव आता तेवढ्या एकाच वहीत उरले असेल.