मातीकामाची जुनी यंत्रं आणि हातांचं ज्ञान

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे काय सुचलं? जुने स्क्रेपर, जुने ट्रॅक्टर, गंजलेली लोखंडी धुडं! पण अमेरिकेत ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन गावी अशा यंत्रांचं एक संग्रहालय आहे. हिस्टॉरिकल कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट असोसिएशन या संस्थेचे सभासद ही यंत्रं नुसती रंगवून ठेवत नाहीत, ती चालवतात. एका जागची माती उचलायची, दुसऱ्या जागी पसरायची आणि आनंदानं घरी जायचं. या उद्योगातून बांधलं काहीच जात नाही. मग ही माणसं नेमकं काय जपतात? आज आपण हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न करू.

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. मातीकामात कामं तीनच : खणणं, वाहून नेणं, पसरणं. आपल्याकडे शेत सपाट करायला बैलांची केणी असते, ती आठवा. कॅलिफोर्नियातही पाण्यासाठी पाट काढायचे, जमीन सपाट करायची, तर घोड्यांमागे फळी बांधून माती ढकलत. ढकललेली माती बाजूंनी निसटते. मूळचा स्कॉटलंडचा जेम्स पोर्टियस फ्रेस्नो गावी राहत होता. त्यानं इतरांच्या कल्पनांमध्ये आपली भर घालून 1883 साली नव्या स्क्रेपरचं पेटंट घेतलं. त्यात अर्धगोल पत्र्याचं भांडं, पुढे पातं आणि मागे लांब दांडा होता. दांडा उचलला की पातं मातीत शिरतं, दाबला की भरलेलं भांडं घसरत पुढे जातं, आणि पूर्ण उलथवला की माती पसरते. म्हणजे खणणं, नेणं, पसरणं ही तिन्ही कामं एका अवजारात आली. याला 'फ्रेस्नो' हेच नाव पडलं. पनामा कालव्याच्या कामावरही तो वापरला गेला. पुढचे सगळे स्क्रेपर या भांड्याचेच वंशज आहेत.

त्याच प्रदेशात, स्टॉक्टन गावाजवळच्या भुसभुशीत जमिनीत जड ट्रॅक्टरांची चाकं रुतत. बेंजामिन होल्ट यानं 1904 साली चाकं काढून पट्टे बसवून पाहिले. पुढे 1925 मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर ही कंपनी उभी राहिली. घोड्यांची जागा ट्रॅक्टरनं घेतली, पण मागचा स्क्रेपर दुबळाच होता.

इथे रॉबर्ट लटूर्नो येतो. जन्म 1888, व्हरमाँट राज्यातला. शाळा लहानपणीच सुटलेली. स्टॉक्टनमध्ये जमीन सपाट करण्याची कंत्राटं घेता घेता स्वतःच स्क्रेपर बनवू लागला. 1922 साली त्यानं केलेला स्क्रेपर रिव्हेटनं न जोडता वेल्डिंगनं जोडला होता. त्या काळी अवजड यंत्राच्या बाबतीत वेल्डिंगवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. पुढे त्यानं ट्रॅक्टरच्या मागे दोन ढोल असलेली विंच बसवली. एका दोरानं भांडं वर-खाली होतं, दुसऱ्यानं पुढचा पडदा उघडतो आणि माती बाहेर ढकलली जाते. 1930च्या दशकात हवेचे रबरी टायर आले. आणि त्याच दशकाच्या अखेरीस 'टूर्नापुल' आलं. त्यात ट्रॅक्टर आणि स्क्रेपर एकजीव झाले, पट्टे गेले, वेग आला. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्ट्या करायला अशी यंत्रं कामाला लागली. त्याच युद्धात भंगार गोळा करण्याच्या मोहिमांत कितीतरी जुनी यंत्रं वितळलीही. जुना स्क्रेपर आज दुर्मीळ आहे, त्याचं हे एक कारण.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. यंत्र जपायचं तर आराखडे आहेत, छायाचित्रं आहेत. चालवायचं कशाला?

त्या काळचा डिझेल ट्रॅक्टर सुरू कसा होतो ते बघा. त्याच्या अंगाला एक छोटं पेट्रोलचं इंजिन असतं. आधी ते हातानं फिरवून सुरू करायचं. त्याच्या उष्णतेनं मोठं इंजिन गरम होऊ द्यायचं. मग क्लच जोडून मोठ्याला फिरवायचं आणि बेतानं डिझेल सोडायचं. 'बेतानं' म्हणजे किती? पुस्तकात पायऱ्या सापडतील, बेत सापडणार नाही. दोराच्या स्क्रेपरचं तर विचारूच नका. चालक पुढे जातो आणि मान वळवून मागे पाहतो. पातं खोल गेलं तर ट्रॅक्टर दमतो, उथळ गेलं तर भांडं भरत नाही. इंजिनाचा आवाज जरा खाली आला की हात आपोआप पातं वर घेतो.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं 1949 सालच्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात दोन गोष्टी वेगळ्या केल्या : अमुक आहे हे माहीत असणं, आणि अमुक करता येणं. पहिली सांगता येते, दुसरी करूनच शिकावी लागते. आम्ही हा भेद वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, पण उदाहरण द्यायचो सायकलचं. सायकल काही नाहीशी होत नाही, त्यामुळे त्या भेदातला धोका आमच्या कधी ध्यानातच आला नाही. दोराच्या स्क्रेपरवर कमावलेले हात आता ऐंशी-नव्वदीचे. हायड्रॉलिक यंत्रणा आली आणि ते कसब कुणाला लागेनासं झालं. ते हात थांबायच्या आत कुणी शेजारी बसून शिकलं नाही, तर यंत्र उरेल आणि ते चालवण्याचं ज्ञान जाईल. त्या मैदानातला खेळ हा खरं तर वर्ग आहे.

पण इथेच थांबलो तर आपण फसू. आपल्याकडे माती ब्रासवर मोजतात, म्हणजे शंभर घनफूट. बारा घनयार्डांच्या स्क्रेपरची एक खेप सव्वातीन ब्रास होते. काही मिनिटांचं काम! 1972च्या दुष्काळात हीच माती आमच्या पिढीनं डोक्यावरच्या घमेल्यांतून जाताना पाहिली आहे. तिथे यंत्र लावलं असतं तर तलाव लवकर झाला असता, पण चूल पेटली नसती. कारण त्या कामाचा हेतू माती हलवणं एवढाच नव्हता, मजुरी देणं हाही होता. यंत्राचं मोल यंत्रात नसतं, कामाच्या हेतूत असतं. फ्रेस्नो ओढणारे घोडे, फावडं चालवणारे मजूर, छप्पर नसलेल्या यंत्रांवर धूळ खात कान गमावलेले चालक, यांचीही त्या मैदानात आठवण हवी. नाहीतर ती स्मृती अर्धीच.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : यंत्र जपा, जमलं तर चालतं ठेवा, आणि चालवणारा हयात आहे तोवर त्याच्या शेजारी बसा. आपल्या गावातही केणी धरणारा, मोट हाकलेला, पाथरवटाचं काम केलेला कुणीतरी म्हातारा असेल. त्याचं बोलणं मोबाइलवर जरूर टिपून घ्या, पण त्याआधी, 'बाबा, जरा हात धरून दाखवा,' असं म्हणा. सांगून जे कळत नाही, ते तिथे कळेल.

थांबतो.