ईशापूरची ली-एनफिल्ड रायफल : बाजारमूल्य, जतन आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना :
सैन्यातून बाद झालेली रायफल ही भंगार किंवा हौशी संग्राहकाची वस्तू मानली जाते. इतिहासाचे साधन म्हणून तिचा विचार क्वचितच होतो. बंगालमध्ये हुगळीकाठी असलेल्या ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार झालेल्या ली-एनफिल्डच्या, म्हणजेच बोलभाषेतील 'थ्री नॉट थ्री'च्या, संदर्भात हा विचार येथे केला आहे.

बाजारातील मूल्य :
भारतात .३०३ हा बोअर नागरिकांसाठी निषिद्ध असल्याने या रायफलीची मोठी बाजारपेठ परदेशात, विशेषतः अमेरिकेत आहे. १९६८ च्या कायद्याने तेथे शिलकी लष्करी बंदुकांची आयात बंद झाली होती. १९८४ मधील दुरुस्तीने संग्राह्य शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली. तेथील जाणकार खरेदीदार प्रथम क्रमांक पाहतो. रिसीव्हर, नळी, बोल्ट आणि नोजकॅप यांवर एकच क्रमांक असेल तर किंमत चढते. सुटे भाग बदललेले असतील किंवा नळीवर आयातदाराचा शिक्का असेल तर ती उतरते. 'डी. पी.' हा शिक्का कवायतीपुरत्या रायफलीवर असतो. अशा रायफलीतून गोळी झाडणे धोक्याचे असते.

या कसोटीवर भारतीय रायफल सहसा मागे पडते. पुढील लाकडात आडवा बसवलेला मजबुतीचा स्क्रू, ग्रेनेड फेकण्यासाठी तारेने आवळलेला पुढचा भाग, दुरुस्तीनंतर दिलेला काळा रंग, ही सारी बाजाराच्या लेखी व्यंगे होत. हा निवाडा एकांगी आहे. एक शस्त्र टाकून न देता किती वेळा दुरुस्त करून वापरले गेले, याचा पुरावा याच खुणांत सापडतो. 'जी. आर. आय.' या राजचिन्हाच्या जागी स्वातंत्र्यानंतर 'आर. एफ. आय.' ही अक्षरे आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. सत्तांतर येथे पोलादावर कोरले गेले आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच रचनेची, अधिक मजबूत पोलादाची ७.६२ मिलिमीटरची 'टू-ए' रायफल काढली. तिचे मॅगझीन १२ गोळ्यांचे होते. पुढे 'टू-ए-वन'मध्ये नेमपट्टीवरील कमाल अंतर २००० वरून ८०० मीटरवर आणले गेले. युद्धाविषयीच्या बदललेल्या अपेक्षाच त्यातून दिसतात.

जतन :
जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधील पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत क्षार उरतो. तो हवेतील ओलावा शोषून पोलाद गंजवतो. केवळ तेलाने तो जात नाही. म्हणून नळीतून उकळते पाणी ओतून, ती कोरडी पुसून मग तेल देण्याची पद्धत ब्रिटिश सैन्यात होती. लाकडाला जवसाचे कच्चे तेल पुरते. नुकसान होते ते अतिउत्साहाने. पॉलिश पेपरने लाकूड घासले की तुकडीचे व दुरुस्तीचे शिक्के पुसले जातात, आणि धातूला नवी झिलई देताना क्रमांकांच्या कडाही झिजतात.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती .३०३ रायफलीच होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. पोलीस दलांतून बाद झालेल्या अशा रायफली मोडीत काढण्यापूर्वी त्यांवरील क्रमांक, शिक्के व दुरुस्तीच्या खुणा छायाचित्रांसह नोंदवून ठेवणे हे काम जिल्हा वस्तुसंग्रहालये आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांना फारशा खर्चाशिवाय करता येण्यासारखे आहे.