चार उत्तरांची परीक्षा

मुळा-मुठेच्या पलीकडे, येरवड्यास, डेक्कन कॉलेजची दगडी इमारत उभी आहे. ह्या विद्यालयाच्या इतिहासांत महाराष्ट्रांतील परीक्षापद्धतीचाही इतिहास सांठलेला आहे. मुखानें द्यावयाची परीक्षा, लेखणीनें द्यावयाची परीक्षा आणि चार उत्तरांतून एक निवडावयाची परीक्षा, ह्या तिन्हींशीं येथील विद्यार्थ्यांचा संबंध आला. त्यांतील तिसरी आतां संगणकावर आली असून कोणताही शिक्षक घरबसल्या तसे प्रश्न रचूं शकतो. हें काम सोपें झालें खरें. परंतु त्याचें मर्म कशांत आहे, हें जाणणें त्यामुळेंच अधिक अगत्याचें झालें आहे.

पेशवाईंत श्रावणमासीं विद्वानांस दक्षिणा वांटली जात असे. इंग्रजी अमलांत त्या निधीचा कांहीं भाग विद्यादानाकडे वळविण्यांत आला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जुन्या शास्त्राभ्यासांत ज्ञानाची कसोटी वादांत लागत असे. आधीं पूर्वपक्ष मांडावयाचा, म्हणजे प्रतिपक्षाचें म्हणणें शक्य तितक्या जोरानें सांगावयाचें. मग त्याचें खंडन करून सिद्धान्तास यावयाचें. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यांत पांडित्य मानलें जात नसे.

१८५१ सालीं ही पाठशाळा इंग्रजी शाळेशीं जोडली जाऊन पूना कॉलेज झालें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडींतले होत. १८६४ सालीं विद्यालयास डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें आणि १८६८ सालीं तें येरवड्याच्या नव्या इमारतींत गेलें. पुढें भांडारकर तेथेंच संस्कृतचे प्राध्यापक झाले. लेखी परीक्षेनें वादाची जागा निबंधानें घेतली. तथापि शेंकडों उत्तरपत्रिका कोणीतरी वाचाव्या लागत, आणि एकाच निबंधास दोन परीक्षक निराळे गुण देत.

ह्या अडचणीवरचा तोडगा अमेरिकेंत निघाला. कॅन्सस संस्थानांतील फ्रेडरिक केली ह्यांनीं १९१५ च्या सुमारास वाचनाची एक परीक्षा रचली. तींत प्रत्येक प्रश्नास एकच ठराविक उत्तर असे, म्हणून कोणीही तपासलें तरी गुण तेच पडत. १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली, तेव्हां सुमारें १७ लक्ष सैनिकांची बुद्धिमापनपरीक्षा ह्याच धर्तीवर घेण्यांत आली. रेनॉल्ड जॉन्सन ह्या शिक्षकाच्या कल्पनेवरून आय.बी.एम. कंपनीनें १९३८ सालीं गुण मोजणारें यंत्र काढलें. पेन्सिलीच्या खुणेंतून वीज वाहते, एवढ्या साध्या तत्त्वावर तें चाले. १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठांत ‘प्लेटो’ ही संगणकीय शिक्षणव्यवस्था सुरू झाली, आणि २००२ सालीं मार्टिन डूगियामस ह्यांनीं ऑस्ट्रेलियांतून ‘मूडल’ प्रसृत केली. मूडल विनामूल्य असल्यानें ती जगभर पसरली. तींत शिक्षकानें प्रश्न लिहावा, पर्याय द्यावेत, बरोबर पर्यायावर खूण करावी. बाकीचें यंत्र पाहतें.

परंतु चुकीचे पर्याय कोठून आणावयाचे? सारी कला येथेंच आहे. ‘डेक्कन कॉलेज हें नांव कोणत्या सालीं मिळालें?’ हाच प्रश्न घ्या. १८६४ ह्या उत्तराशेजारीं १४९२, १६७४ व १९४७ हीं सालें ठेवलीं, तर ज्यास कांहींच ठाऊक नाहीं तोही तीं बाजूस सारील. त्याऐवजीं १८२१, १८५१ व १८६८ हीं ठेवून पाहावीं. १८२१ निवडणारा पाठशाळेच्या स्थापनेसच नामकरण समजतो. १८५१ निवडणारा पूना कॉलेज व डेक्कन कॉलेज एकच मानतो. १८६८ निवडणारा इमारत आणि नांव ह्यांची गल्लत करतो. प्रत्येक चुकीस कारण आहे, आणि मूडलमध्यें प्रत्येक पर्यायाखालीं निराळा अभिप्राय लिहितां येत असल्यानें तें कारण विद्यार्थ्यास तत्काळ सांगतां येतें. चांगला चुकीचा पर्याय हा पूर्वपक्षच होय. कोणी विचारी माणूस तसें मानूं शकेल, इतकें बळ त्यांत असलें पाहिजे. तो पुस्तकांतून सांपडत नाहीं. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासून, त्यांच्या चुका ऐकूनच तो सांपडतो.

ह्याखेरीज कांहीं लहान सावधगिऱ्या आहेत. बरोबर उत्तर नेहमीं सर्वांत लांब असूं नये. प्रश्नाचें क्रियापद स्त्रीलिंगी आणि चारांपैकीं एकच पर्याय स्त्रीलिंगी असेल, तर व्याकरणच उत्तर सांगून टाकतें. यंत्र पर्यायांचा क्रम पालटणार असेल, तर ‘वरील सर्व’ हा पर्याय मध्येंच येऊन निरर्थक ठरतो. केवळ अदमासानें शंभर प्रश्न सोडविणाऱ्याचीं सरासरी पंचवीस उत्तरें बरोबर येतात. उरलेल्या पंचाहत्तर चुकांमागें तृतीयांश गुण कापला, तर तीं पंचवीसही शून्यावर येतात. परीक्षेनंतर यंत्र आंकडे देतें. हुशार विद्यार्थी चुकतात आणि इतरांस उत्तर येतें असें दिसल्यास दोष प्रश्नाचा असण्याचा संभव मोठा.

आज ह्या पद्धतीवर पुष्कळांचें भवितव्य अवलंबून आहे. येरवड्यास जे विषय शिकविले जातात, त्यांतील पुरातत्त्व, भाषाशास्त्र व संस्कृत ह्यांत अध्यापक होऊं इच्छिणारे पुष्कळजण ‘नेट’ परीक्षा देतात. तिचा तिसरा पेपर पूर्वी निबंधात्मक असे. जून २०१२ पासून तोही बहुपर्यायी झाला, आणि डिसेंबर २०१८ पासून परीक्षा संगणकावर गेली. उलट महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें २०२२ सालीं राज्यसेवेची मुख्य परीक्षा पुनः वर्णनात्मक करण्याचें ठरविलें, तेव्हां पुण्यांत उमेदवार रस्त्यावर उतरले. वर्षानुवर्षें एका रीतीनें अभ्यास केलेल्यांस ती एकाएकीं बदलणें अन्यायाचें वाटलें, आणि २०२३ मध्यें आयोगानें हा बदल २०२५ पर्यंत पुढें ढकलला.

दोन्ही बाजूंस तथ्य आहे. हजारों उमेदवारांस एकाच मापानें मोजावयाचें, तर पर्यायी प्रश्नासारखें निःपक्षपाती साधन नाहीं. परंतु उत्खननांत सांपडलेल्या खापरावरून काय अनुमान काढावें व तें कां काढावें, हें चार ओळींत लिहवून घेतल्यावांचून पुरतें कळत नाहीं. पर्यायी परीक्षेंत पूर्वपक्ष शिक्षकानें मांडावयाचा असतो, विद्यार्थी तो केवळ नाकारतो. पाठशाळेंत तो विद्यार्थ्यालाच मांडावा लागे. तेवढा अभ्यास यंत्राबाहेर, वर्गांत करवून घेणें हें अद्यापि शिक्षकाचेंच काम आहे.